थॉमस ऑगस्टस जॅगर

थॉमस ऑगस्टस जॅगर (धाकटे) (जन्म : २४ जानेवारी १८७१, फिलाडेल्फिया; मृत्यू : १७ जानेवारी १९५३, होनोलुलू) हे अमेरिकन भूवैज्ञानिक व ज्वालामुखीशास्त्रज्ञ होते. हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या काठावर १९१२ साली स्थापन झालेल्या हवाई ज्वालामुखी वेधशाळेचे ते संस्थापक व पहिले संचालक होत. ज्वालामुखींच्या अभ्यासासाठी ते ओळखले जातात. हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपातून उद्भवलेली त्सुनामी एखाद्या बंदरावर केव्हा येऊन धडकेल, याचा अंदाज भूकंपमापकाच्या नोंदीवरून बांधून तो बंदराला आगाऊ कळवण्याचे काम ज्यांनी सर्वप्रथम केले, त्यांतही त्यांची गणना होते. हिलो बंदराला त्यांनी १९२३ साली दिलेला इशारा दुर्लक्षिला गेला, तर १९३३ सालच्या इशाऱ्याने जीवितहानी टळली. पॅसिफिक महासागरातील आजच्या त्सुनामी इशारा यंत्रणेच्या पूर्वेतिहासात या दोन घटनांना महत्त्वाचे स्थान आहे.

जन्म व शिक्षण

जॅगर यांचा जन्म अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात झाला. त्यांचे वडील, ज्यांचे नावही थॉमस ऑगस्टस जॅगर असेच होते, ते एपिस्कोपल चर्चचे बिशप होते. जॅगर यांचे उच्च शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात झाले. १८९३ साली त्यांनी पदवी, १८९४ साली पदव्युत्तर पदवी आणि १८९७ साली भूविज्ञानातील डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात ते जर्मनीतील म्युनिक व हायडेलबर्ग येथे अध्ययनासाठी राहिले होते. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी हार्वर्डमध्येच अध्यापन सुरू केले आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागासाठीही काम केले.

या काळात त्यांचा कल प्रयोगशाळेतील कामाकडे होता. नदीचे पात्र कसे घडते, उष्णोदकाचे फवारे कसे उसळतात, खडकांचे थर कसे दुमडतात, हे ते लहान प्रतिकृती करून अभ्यासत असत. निसर्गात शेकडो वर्षे चालणारी क्रिया टेबलावर घडवून पाहता येते, अशी त्यांची धारणा होती. तिला पहिला तडा १९०२ साली गेला.

सेंट पिएर येथील अनुभव

८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर माँ पेले या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. तप्त वायू व राख यांचा लोट काही मिनिटांत डोंगरउतारावरून सेंट पिएर या बंदराच्या गावावर कोसळला. सुमारे २८,००० माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकी सरकारने मदतसामग्री घेऊन पाठवलेल्या ‘डिक्सी’ या जहाजावर काही शास्त्रज्ञांनाही जागा देण्यात आली होती. जॅगर त्यांपैकी एक होते. उद्रेकानंतर सुमारे दोन आठवड्यांनी ते तेथे पोहोचले.

सेंट पिएरच्या दुर्घटनेत एक गोष्ट विशेष होती. मुख्य उद्रेकाच्या आधी काही आठवडे डोंगराने राख टाकण्यास सुरुवात केली होती. तरीही गाव रिकामे झाले नाही. पूर्वचिन्हे दिसत होती, पण त्यांचा अर्थ लावणारी व तो अधिकाराने सांगणारी कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती. दुर्घटना घडून गेल्यावर जहाजाने येणारा शास्त्रज्ञ मृतांची व राखेची मोजदाद करू शकतो, माणसे वाचवू शकत नाही, हा निष्कर्ष जॅगर यांनी त्यातून काढला. ज्वालामुखी व भूकंप यांच्याजवळ कायमचे वास्तव्य करून, वर्षानुवर्षे अखंड नोंदी ठेवणारी केंद्रे उभारली पाहिजेत, हा विचार पुढे त्यांच्या आयुष्याचा आधार झाला.

१९०६ साली ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे भूविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. त्याच सुमारास त्यांनी इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीची पाहणी केली. १९०७ साली त्यांनी अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांवर मोहीम नेली. डिसेंबर १९०८ मध्ये इटलीतील मेसिना येथे झालेल्या भूकंपात व त्यापाठोपाठ आलेल्या त्सुनामीत हजारो लोक मरण पावले. या घटनेने कायमस्वरूपी वेधशाळेचा त्यांचा आग्रह अधिकच तीव्र झाला. १९०९ साली ते हवाईमार्गे जपानला गेले. तेथे भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. जपानमध्ये भूकंपांच्या नोंदी नियमितपणे ठेवण्याची पद्धत रुळलेली होती आणि ओमोरी यांची भूकंपमापक यंत्रे त्या काळी सर्वोत्तम मानली जात. हीच यंत्रे पुढे किलाउएआवर बसवण्यात आली.

वेधशाळेची स्थापना

वेधशाळेसाठी जॅगर यांनी किलाउएआची निवड केली. हा ज्वालामुखी जवळजवळ सतत जागृत असे; मात्र त्याचे उद्रेक बहुधा सौम्य असल्याने काठावर राहून निरीक्षण करणे शक्य होते. हिलो हे बंदर तेथून सुमारे ५० किलोमीटरवर होते आणि रस्त्याने जोडलेले होते. शिवाय हे बेट महासागराच्या मध्यावर असल्याने जपान, कामचटका, अलास्का व दक्षिण अमेरिका या सर्व बाजूंच्या दूरच्या भूकंपांच्या नोंदी तेथे घेता येतील, हाही विचार त्यामागे होता.

व्हिटनी कुटुंबाच्या मालमत्तेतून एमआयटीला १९०९ साली २५,००० डॉलरची देणगी भूभौतिकी संशोधनासाठी मिळाली. होनोलुलूतील वृत्तपत्रमालक व उद्योजक लॉरिन थर्स्टन यांनी स्थानिक व्यापाऱ्यांकडून वार्षिक वर्गणीची व्यवस्था केली. १९११ साली फ्रँक पेरेट यांनी जॅगर यांच्या वतीने किलाउएआच्या लाव्हा सरोवराची निरीक्षणे सुरू केली. जानेवारी १९१२ मध्ये जॅगर स्वतः तेथे दाखल झाले. भूकंपमापकांसाठी लागणारे तळघर तुरुंगातील कैद्यांनी राखेच्या थरांतून खोदले आणि त्याच वर्षी तेथे नोंदी सुरू झाल्या.

वेधशाळेच्या पाठीराख्यांनी स्थापन केलेल्या हवाई ज्वालामुखी संशोधन संघाने आपल्या बोधवाक्यासाठी एक लॅटिन वचन निवडले. यापुढे शहरे गिळली वा गाडली जाऊ नयेत, असा त्याचा आशय होता. वेधशाळेचा कारभार पुढे अनेक हातांतून गेला : १९१९ साली तो अमेरिकेच्या हवामान खात्याकडे, १९२४ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे आणि १९३५ साली राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आला. संस्था बदलत राहिल्या तरी १९१२ ते १९४० या काळात संचालक जॅगर हेच होते.

हिलो बंदर आणि दूरच्या त्सुनामी

बंदराची स्थिती

हिलो हे हवाई बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होय. त्याचा उपसागर तोंडाशी रुंद व आत निमुळता आहे. अशा नरसाळ्यासारख्या आकारामुळे आत शिरणारे पाणी दाटते व लाट उंचावते. साखरेचा व्यापार वाढल्यावर १९०८ ते १९२९ या काळात येथे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी लाटरोधक बांध घालण्यात आला. वाऱ्याने उठणाऱ्या नेहमीच्या लाटांपासून जहाजांचे रक्षण करणे हा त्याचा हेतू होता. त्सुनामीची लाट मात्र वेगळ्या जातीची असते. तिच्या दोन शिखरांमध्ये अनेक मिनिटांचे अंतर असते आणि ती समुद्राची पातळीच वर उचलत असल्याने असा बांध तिला पुरता थोपवू शकत नाही.

हिलोला या संकटाचा इतिहास होता. १८३७ साली चिलीतील भूकंपाने उठलेली त्सुनामी हिलोपर्यंत पोहोचली. आधी समुद्र मागे हटला, उघड्या पडलेल्या तळावर लोक धावले आणि त्यानंतर पाणी परत आले. १८६८ व १८७७ साली पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील भूकंपांनंतर असेच घडले. १८७७ च्या लाटेत हिलो येथे पाच जण मरण पावले. १८९६ साली जपानच्या सान्रिकु किनाऱ्यावर सुमारे २२,००० बळी घेणाऱ्या त्सुनामीने हवाईतील धक्क्यांचेही नुकसान केले. नोव्हेंबर १९२२ मध्ये चिलीच्या उत्तर भागात झालेल्या भूकंपाच्या लाटाही हिलोला जाणवल्या. यांपैकी एकाही भूकंपाचा हादरा हिलोतील माणसांना जाणवला नव्हता. स्थानिक भूकंपात जमीनच धोक्याची सूचना देते. दूरच्या भूकंपात मात्र समुद्र आत येईपर्यंत किनाऱ्यावरील माणसाला काहीही कळत नाही. दूरच्या त्सुनामीचा धोका स्थानिक भूकंपाच्या धोक्याहून वेगळा ठरतो, तो याच कारणामुळे.

अंदाजाची पद्धत

जॅगर व त्यांचे सहकारी आर. एच. फिंच यांनी वापरलेली पद्धत दोन वेगांतील फरकावर आधारलेली होती. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून काही मिनिटांत हजारो किलोमीटर जातात. त्सुनामी त्या मानाने सावकाश येते. तिचा वेग समुद्राच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली व गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले असता तो मिळतो. चार हजार मीटर खोल पाण्यात हा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो, तर दहा मीटर खोल पाण्यात तो ताशी सुमारे ३५ किलोमीटरवर येतो. किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि उंची वाढते.

भूकंपमापकावर आधी प्राथमिक लहरी उमटतात व काही वेळाने दुय्यम लहरी. या दोहोंमधील काळावरून भूकंप किती दूर झाला हे ठरवता येते. पाच हजार किलोमीटरवरील भूकंपासाठी हा काळ सुमारे साडेसहा मिनिटे असतो. अंतर एकदा कळले, की लाटेला लागणारा प्रवासकाळ काढता येतो : कामचटकापासून हिलोपर्यंत सुमारे सात तास, जपानच्या ईशान्य किनाऱ्यापासून सुमारे आठ तास, चिलीपासून सुमारे पंधरा तास. किलाउएआवरील यंत्राला भूकंप कळण्याचा क्षण आणि हिलोच्या धक्क्यावर पाणी चढण्याचा क्षण यांमध्ये असे कित्येक तास हाती राहत. जहाजे खोल पाण्यात नेण्यास, धक्क्यावरचा माल हलवण्यास आणि माणसांना उंचावर पाठवण्यास ते पुरेसे होते.

१९२३ : दुर्लक्षित इशारा

३ फेब्रुवारी १९२३ रोजी रशियाच्या कामचटका द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगत मोठा भूकंप झाला. हवाईत तेव्हा पहाट होती. वेधशाळेच्या भूकंपमापकावर त्याची ठळक नोंद उमटली. नोंदीवरून भूकंप दूरचा व प्रबळ असल्याचे लक्षात येताच जॅगर यांनी हिलोच्या बंदर अधिकाऱ्यांना त्सुनामीची शक्यता कळवली.

ही सूचना गांभीर्याने घेतली गेली नाही. हजारो किलोमीटर दूर झालेल्या, कोणालाही न जाणवलेल्या भूकंपामुळे काही तासांनी आपल्या बंदरात पाणी चढेल, हे डोंगरावरच्या वेधशाळेतून कोणी सांगावे, याला तोपर्यंत पूर्वदाखला नव्हता. दुपारच्या सुमारास लाटा आल्या. मासेमारीच्या होड्यांची मोडतोड झाली, बंदराचे नुकसान झाले आणि हिलो येथे एका मच्छीमाराचा मृत्यू झाला.

अंदाज बरोबर ठरला होता, पण त्याचा उपयोग झाला नव्हता. सेंट पिएर येथे चिन्हांचा अर्थ लावणारे कोणी नव्हते. हिलो येथे अर्थ लावला गेला, पण तो ऐकण्याची रीत नव्हती. पुढच्याच वर्षी फिंच यांनी या प्रकारच्या लाटांच्या पूर्वकथनावर शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला. जॅगर यांनीही वेधशाळेच्या प्रकाशनांतून या लाटांविषयी लिहून हा विषय हवाईतील वाचकांसमोर ठेवला.

१९३३ : यशस्वी इशारा

जपानी वेळेनुसार ३ मार्च १९३३ च्या पहाटे सान्रिकु किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला. जपानमध्ये त्यानंतरच्या त्सुनामीत तीन हजारांहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. हवाईत त्या वेळी २ मार्चची सकाळ होती. वेधशाळेत नोंद तपासून अंतर काढण्यात आले आणि लाटा दुपारनंतर पोहोचतील असा अंदाज बंदरांना कळवण्यात आला.

या खेपेस बंदरांनी सूचना पाळली. होड्या खोल पाण्यात नेण्यात आल्या, गोदी कामगारांनी धक्क्यावरील माल हलवला आणि लोक किनाऱ्यापासून दूर झाले. लाटा अंदाजाप्रमाणे त्याच दुपारी आल्या. बेटाच्या पश्चिमेकडील कोना किनाऱ्यावर त्यांची उंची सुमारे तीन मीटरपर्यंत गेली व तेथे मालमत्तेची हानी झाली. मात्र हवाईत कोणाचाही जीव गेला नाही.

पद्धतीच्या मर्यादा

या यशामुळे पद्धतीतील उणिवा दूर झाल्या नाहीत. एका वेधशाळेच्या नोंदीवरून भूकंपाचे अंतर कळते. त्याचे नेमके स्थान ठरवण्यासाठी एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक केंद्रांच्या नोंदी लागतात. भूकंप समुद्राखाली झाला की जमिनीवर, समुद्रतळ वर-खाली सरकला की आडवा, यावर त्सुनामी उठेल की नाही हे अवलंबून असते आणि ते त्या काळच्या एकट्या भूकंपमापकाला सांगता येत नव्हते. त्यामुळे प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर लाट येईलच असे नव्हते, आणि लाट न आलेल्या प्रत्येक इशाऱ्यागणिक पुढच्या इशाऱ्यावरील विश्वास कमी होण्याचा धोका होता. लाटेची वेळ काढता येई, पण उंची सांगता येत नसे. शिवाय सारी व्यवस्था एका वेधशाळेच्या दक्षतेवर चालत होती. तिला कायद्याचे पाठबळ नव्हते, रात्रीचा पहारा नव्हता आणि वाटेतील बेटांवरून लाटेची खातरजमा करण्याची सोयही नव्हती.

लाव्हापासून हिलोचे रक्षण

हिलोला समुद्राप्रमाणेच डोंगराचाही धोका होता. १८८१ साली मौना लोआ ज्वालामुखीचा लाव्हा गावाच्या अगदी जवळ येऊन थांबला होता. १९३५ च्या अखेरीस मौना लोआचा लाव्हा पुन्हा हिलोच्या दिशेने वाहू लागला आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या वैलुकू नदीच्या उगमप्रदेशाला धोका निर्माण झाला. लाव्हा ज्या नैसर्गिक बोगद्यांतून वाहतो ते विमानांतून बॉम्ब टाकून फोडावेत, म्हणजे प्रवाह वरच पसरून त्याची आगेकूच थांबेल, अशी सूचना जॅगर यांनी केली. २७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकी लष्कराच्या विमानांनी त्याप्रमाणे बॉम्बफेक केली. काही दिवसांनी, २ जानेवारी १९३६ रोजी, प्रवाह थांबला.

बॉम्बफेकीमुळे प्रवाह लवकर थांबला, असे जॅगर यांचे मत होते. अनेक भूवैज्ञानिकांना मात्र ते मान्य झाले नाही. उद्रेक तोवर आपोआपच ओसरत आला होता व प्रवाहाचे थांबणे हा योगायोग होता, असे त्यांचे म्हणणे होते. नंतरच्या अभ्यासांनीही बॉम्बफेकीचा परिणाम फारसा झाला नसावा, असेच सुचवले. शहर व बंदर यांच्या रक्षणासाठी लाव्हा दुसरीकडे वळवणारे मोठे बांध घालावेत, अशी योजनाही जॅगर यांनी मांडली. ती प्रत्यक्षात आली नाही.

इतर कार्य

हवाईतील ज्वालामुखींच्या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा यासाठी जॅगर व थर्स्टन यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. १९१६ साली हे उद्यान अस्तित्वात आले. १९१७ साली जॅगर यांनी किलाउएआच्या लाव्हा सरोवरात पोलादी नळ्या घालून त्याची खोली अजमावण्याचे प्रयोग केले. १९१४ साली जपानमधील साकुराजिमा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर ते तेथे गेले होते. १९२८ साली नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या अलास्का मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. त्या मोहिमेत त्यांनी जमिनीवर व पाण्यात दोन्हीकडे चालणारे वाहन वापरले.

त्यांच्या ग्रंथांपैकी ‘व्होल्कॅनोज डिक्लेअर वॉर’ (१९४५) हा सर्वसामान्य वाचकांसाठी, तर ‘ओरिजिन अँड डेव्हलपमेंट ऑफ क्रेटर्स’ (१९४७) हा तज्ज्ञांसाठी लिहिलेला आहे. ‘माय एक्स्पेरिमेंट्स विथ व्होल्कॅनोज’ हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ साली प्रसिद्ध झाले.

वैयक्तिक जीवन

१९०३ साली जॅगर यांचा हेलन क्लाइन यांच्याशी विवाह झाला. एमआयटीमधील प्राध्यापकपद व पूर्व किनाऱ्यावरील स्थिर जीवन सोडून ज्वालामुखीच्या काठावर कायमचे राहण्याचा त्यांचा निर्णय कौटुंबिक दृष्ट्या महाग पडला आणि पुढे हा विवाह संपुष्टात आला. १९१७ साली त्यांनी इसाबेल मेडवेल यांच्याशी विवाह केला. इसाबेल पूर्वी शिक्षिका होत्या. किलाउएआवर त्यांनी वेधशाळेच्या कामात जॅगर यांना दीर्घकाळ साहाय्य केले.

निवृत्ती, १९४६ ची त्सुनामी व अखेर

१९४० साली जॅगर संचालकपदावरून निवृत्त झाले आणि होनोलुलू येथे राहू लागले. तेथे हवाई विद्यापीठाशी संलग्न राहून त्यांनी लेखन व संशोधन चालू ठेवले.

१ एप्रिल १९४६ रोजी हवाई वेळेनुसार पहाटे दोनच्या सुमारास अल्यूशियन बेटांजवळ भूकंप झाला. सुमारे पाच तासांनी, सकाळी सातच्या सुमारास, त्सुनामी हिलोवर आदळली. हवाईत एकूण १५९ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी ९६ जण एकट्या हिलोतील होते. लौपाहोएहोए येथे शाळेतील मुले व शिक्षक लाटांत वाहून गेले. कोणालाही आगाऊ सूचना मिळाली नव्हती. भूकंपमापकांनी आपले काम केले होते. पण त्या काळच्या यंत्रांना धोक्याची घंटा जोडलेली नसे आणि रात्री उमटलेली नोंद सकाळी कोणी पाहीपर्यंत ती कागदावरच राही. तेवीस वर्षांपूर्वी इशारा असून तो ऐकला गेला नव्हता. या वेळी हाती पाच तास असूनही इशाराच दिला गेला नाही.

या आपत्तीनंतर अमेरिकी सरकारने समुद्रलाटांच्या इशाऱ्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. होनोलुलूजवळील भूचुंबकीय वेधशाळेत तिचे केंद्र १९४९ साली कार्यरत झाले. भूकंप होताच घंटा वाजवणारी यंत्रे, अनेक देशांतील भूकंपकेंद्रांकडून येणाऱ्या नोंदी आणि वाटेतील बंदरांतील भरतीमापकांवरून होणारी लाटेची खातरजमा, ही तिची अंगे होती. एका वेधशाळेला जे शक्य नव्हते ते या जाळ्याने साधले. हेच केंद्र पुढे पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले.

या यंत्रणेची पहिली मोठी कसोटी ४ नोव्हेंबर १९५२ रोजी लागली. भूकंप पुन्हा कामचटकाच्याच किनाऱ्यालगत झाला होता आणि तो १९२३ च्या भूकंपाहून कितीतरी प्रबळ होता. इशारा वेळेवर दिला गेला. हवाईत मालमत्तेचे नुकसान झाले, परंतु एकही मनुष्य दगावला नाही. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १७ जानेवारी १९५३ रोजी, जॅगर यांचे होनोलुलू येथे निधन झाले.

मूल्यमापन व वारसा

जॅगर यांचे काही अंदाज व योजना वादग्रस्त ठरल्या. लाव्हावरील बॉम्बफेक हे त्याचे ठळक उदाहरण होय. ज्वालामुखीजवळ राहून अखंड निरीक्षण करण्याची त्यांची पद्धत मात्र जगभर स्वीकारली गेली. त्यांनी स्थापन केलेली वेधशाळा आजही अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत कार्यरत आहे. किलाउएआच्या काठावरील एका संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले होते. २०१८ सालच्या उद्रेकाच्या वेळी जमीन खचून इमारतीची हानी झाल्याने ते बंद करण्यात आले.

त्सुनामीच्या बाबतीत त्यांचे योगदान दुहेरी आहे. दूरच्या त्सुनामीचा धोका अंतर, खोली व वेळ यांच्या गणिताने मोजता येतो, हे त्यांनी एका प्रत्यक्ष बंदरासाठी दाखवून दिले. त्याचबरोबर, गणित बरोबर असले तरी बंदरापर्यंत निरोप पोहोचवणारी आणि तो मानणारी व्यवस्था नसेल तर ते व्यर्थ जाते, हेही त्यांच्या अनुभवातून स्पष्ट झाले. २३ मे १९६० रोजी चिलीतील भूकंपाच्या लाटा हिलोवर आल्या, तेव्हा इशारा कित्येक तास आधी मिळाला होता आणि भोंगेही वाजले होते. तरीही काही लोक किनाऱ्यालगत थांबले व ६१ जणांचा बळी गेला. त्यानंतर हिलोच्या किनाऱ्यालगतची वस्ती पुन्हा न वसवता ती जागा मोठ्या प्रमाणावर उद्याने व मोकळ्या मैदानांसाठी ठेवण्यात आली.

हिंदी महासागरात अशी यंत्रणा नसल्याची किंमत २६ डिसेंबर २००४ रोजी मोजावी लागली. सुमात्राजवळील भूकंपानंतर भारताच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत लाटा येण्यास सुमारे दोन तास लागले होते. परंतु त्या अवधीत किनाऱ्यावर इशारा पोहोचला नाही. त्यानंतर २००७ साली हैदराबाद येथे भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपाच्या लहरी त्सुनामीच्या कितीतरी आधी पोहोचतात, हे जॅगर यांनी हिलोसाठी वापरलेले तत्त्वच या केंद्राच्या कामाचाही आरंभबिंदू आहे.